एक लाख तीस हजारांचा फोन आणि जांबोटीचा पाऊस

वाचकाचे पत्र:

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, जांबोटी भागातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. वय ५३. सहा वर्षांपूर्वीचा माझा साधा अँड्रॉइड फोन आता दुपारपर्यंतच तग धरतो. पतसंस्थेतील एक ठेव याच महिन्यात सुटते आहे आणि आयुष्यात एकदा तरी चांगला फोन घ्यावा अशी इच्छा आहे. पुण्याचा मुलगा म्हणतो, आयफोन १६ प्रोच घ्या. बेळगावचा पुतण्या म्हणतो, सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा घ्या. दोघेही मला आकडे ऐकवतात आणि मी जास्तच गोंधळतो. माझे काम म्हणजे शाळेचे फोटो व व्हिडिओ, कन्नडमधून येणारी परिपत्रके, मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लिहिणे, बँकेचे व्यवहार, आणि घरामागच्या उंबरावर येणाऱ्या धनेश पक्ष्यांचे फोटो काढण्याचा छंद. आमच्याकडचा पाऊस, वीज आणि रेंज यांची कल्पना आपल्याला आहेच. कोणता घ्यावा?

उत्तर:

आदरणीय गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, आणि नेमके तेच आपला मुलगा व पुतण्या यांच्या वादात कुठे आलेले दिसत नाही. हे दोन्ही फोन पुण्याच्या दुकानात, वातानुकूलित दालनात, भरपूर रेंजमध्ये हातात घेतले तर उत्तमच वाटतील, कारण ते उत्तमच आहेत. पण आपल्याला फोन वापरायचा आहे तो जांबोटीत, आषाढ-श्रावणात, जिथे दोन-दोन दिवस वीज नसते आणि बोलण्यासाठी अंगणाच्या एका ठरावीक कोपऱ्यात जाऊन उभे राहावे लागते. म्हणून मी प्रत्येक मुद्दा आपल्या जुलै महिन्याला लावून पाहिला आहे. माझा कौल आधीच सांगते: आपल्यासाठी सॅमसंगचा एस२५ अल्ट्रा अधिक योग्य आहे, मात्र एका अटीवर. ती अट पुढे येईल.

किमतीवरून निर्णय होणार नाही. २५६ जीबी साठवण असलेल्या आयफोन १६ प्रोची बाजारात आल्या वेळची किंमत १,२९,९०० रुपये होती आणि तेवढ्याच साठवणीच्या एस२५ अल्ट्राची १,२९,९९९ रुपये. फरक ९९ रुपयांचा. मुलाने आपल्याला १,१९,९०० ही किंमत सांगितली असेल, तर ती १२८ जीबीच्या आयफोनची असणार. या फोनमध्ये मेमरी कार्ड घालता येत नाही (सॅमसंगमध्येही येत नाही), आणि व्हिडिओ काढणाऱ्या माणसाने १२८ जीबी घेऊ नये. प्रोसेसरचा वादही बाजूला ठेवा. एकात ए१८ प्रो आहे, दुसऱ्यात स्नॅपड्रॅगन ८ एलिट. आपल्या कामाला त्यांपैकी कोणताही कमी पडणार नाही.

आता सिमकार्डाचा मुद्दा, जो जाहिरातीत कुठेच नसतो आणि आपल्या भागात सर्वांत आधी आठवावा लागतो. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमकार्डे असतात, कारण एका गावात एकाची रेंज मिळते तर घाट चढल्यावर दुसऱ्याची. भारतात मिळणाऱ्या एस२५ अल्ट्रामध्ये दोन नॅनो सिमकार्डे प्रत्यक्ष घालता येतात. आयफोन १६ प्रोमध्ये प्रत्यक्ष सिमकार्डाची जागा एकच आहे. दुसरा क्रमांक ई-सिम म्हणून, म्हणजे फोनच्या आतच नोंदवून घ्यावा लागतो. फोन धडधाकट असेपर्यंत या दोन व्यवस्थांत काहीही फरक जाणवत नाही. फरक जाणवतो तो फोन बंद पडल्यावर.

हे मी अनुभवावरून लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या गर्दीत, गणपत गल्लीत खरेदी करत असताना माझा फोन हातातून निसटला आणि स्क्रीन पूर्ण काळी झाली. माझा बँकेशी जोडलेला क्रमांक त्यात ई-सिम म्हणून होता. साधे सिमकार्ड असते तर मी ते काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये घातले असते आणि दहा मिनिटांत काम सुरू झाले असते. त्याऐवजी मला कंपनीच्या दालनात ओळखपत्र घेऊन जावे लागले, रांगेत थांबावे लागले, आणि क्रमांक सुरू झाल्यानंतरही जवळजवळ एक दिवस एसएमएस आले नाहीत. एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे वडिलांच्या औषधांचे पैसेही भरता आले नाहीत. मी बेळगावात राहते, दालन माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. आपल्याला त्यासाठी पावसात, बसने, शाळेला रजा टाकून यावे लागेल. आपण आयफोन घेतलाच, तर निदान बँकेचा क्रमांक प्रत्यक्ष सिमकार्डावर राहू द्या आणि दुसरा क्रमांक ई-सिमवर घाला, एवढी विनंती आहे.

रेंजबद्दल एक गैरसमज बऱ्याच जणांच्या बोलण्यात दिसतो. महाग फोनला रेंज जास्त मिळते असे समजून पैसे देऊ नका. जिथे टॉवरची लहर पोहोचतच नाही, तिथे कोणताही फोन ती निर्माण करू शकत नाही. उलट रेंज क्षीण असते तेव्हा फोन टॉवरला गाठण्यासाठी जास्त शक्ती खर्च करतो, सतत शोध घेत राहतो, आणि म्हणूनच आपली बॅटरी बेळगावातल्या माणसापेक्षा लवकर उतरते. कंपन्या सलग व्हिडिओ पाहण्याचे तास सांगतात, आयफोन १६ प्रोसाठी २७ आणि एस२५ अल्ट्रासाठी ३१. हे दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले आहेत, जांबोटीत ते दिसणार नाहीत, पण दोघांतला क्रम तोच राहील. घरी ब्रॉडबँडची जोडणी असेल तर दोन्ही फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करता येते. आपली सिमकार्ड कंपनी ही सोय देत असेल, तर घरात रेंज नसतानाही आपल्या नेहमीच्या क्रमांकावरून बोलता येते. इन्व्हर्टरवर फक्त राउटर चालू ठेवला तरी पुरते.

पावसाचे बोलायचे तर दोन्ही फोनना आयपी६८ हा दर्जा आहे. अॅपल सहा मीटर खोल पाण्यात अर्धा तास म्हणते, सॅमसंग दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. या आकड्यांवर फार विसंबू नये, कारण या चाचण्या नव्या फोनवर, स्थिर पाण्यात होतात. कडांची बंदिस्ती वापराने सैल होत जाते, आणि पाणी शिरून झालेले नुकसान दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. खिशात भिजला तर चालेल, ओढ्यात पडला तर नशीब, एवढाच अर्थ घ्यावा. आपल्याकडे रोजची अडचण वेगळीच असते: दमट हवेत चार्जिंगच्या छिद्रात ओल साचते आणि फोन चार्ज होण्यास नकार देतो. तसे झाले तर फोन तांदळाच्या डब्यात पुरू नका. खानापूर तालुका भाताचा असल्यामुळे हा उपाय आपल्याकडे घरोघरी होतो, पण तांदळाचे बारीक कण आत जाऊन फोनला इजा करू शकतात, आणि अॅपलने तर हे करू नका असे लेखी सांगितले आहे. छिद्र खाली करून फोन हलकेच हातावर आपटावा आणि पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावा. दोन्ही फोन बिनतारी चार्जरवरही चार्ज होतात. पावसाळ्यासाठी तेवढी एक चकती घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. खोक्यात चार्जर दोघेही देत नाहीत, केबल मात्र दोघांचीही सी-टाइप असल्याने घरातला चांगला चार्जर चालून जाईल.

भाषेच्या बाबतीत आयफोनने बरीच उशिरा पण खरी सुधारणा केली आहे. अँड्रॉइडमध्ये संपूर्ण फोन मराठीत किंवा कन्नडमध्ये वापरण्याची सोय कित्येक वर्षे आहे. आयफोनवर मराठी टंकलेखन पूर्वीपासून येत होते, मात्र सेटिंग्ज, सूचना, मेन्यू हे सारे मराठीत आणि कन्नडमध्ये दिसू लागले ते २०२५ मध्ये, आयओएस १८.४ पासून. तेव्हा मराठी हवी म्हणून आयफोन सोडावा, असे आता राहिलेले नाही. तरीही दुकानात उभे राहून आपण स्वतः पाच मिनिटे टंकून पाहा. ‘दऱ्या’, ‘ॲल्युमिनियम’, ‘वाङ्मय’, ‘कळवळा’ हे शब्द लिहा. ‘दऱ्या’मधला अर्धा र नीट उमटला आणि तो उमटवण्यासाठी किती कळा दाबाव्या लागल्या, ते बघा. मग कळफलक कन्नडवर न्या आणि अक्षराच्या पायाशी बसणारे ओत्तक्षर पटकन येते का, ते पाहा. दिवसातून वीस वेळा एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाणाऱ्या माणसाच्या बोटांना जे सोपे वाटेल, ते प्रोसेसरच्या आकड्यांपेक्षा मोठे आहे. परिपत्रकांचा कन्नडमधून मराठीत अर्थ लावण्यासाठी गूगल ट्रान्सलेट दोन्ही फोनवर सारखेच चालते. फक्त त्यातील तारखा आणि रकमा मूळ कागदावरून पुन्हा ताडून घ्याव्यात. शिक्षण खात्याच्या कामासाठी आपण जी जी ॲप वापरता, त्यांची यादी मात्र कागदावर करा आणि मुलाच्या आयफोनवर ती मिळतात का, हे खरेदीपूर्वीच त्याला शोधायला सांगा.

कॅमेऱ्यावर मी थोडे थांबणार आहे, कारण आपल्या पत्रात धनेश आहे. दोन्ही फोनमध्ये पाचपट जवळ आणणारी भिंग-व्यवस्था आहे. आयफोनमध्ये त्यामागचा सेन्सर १२ मेगापिक्सेलचा, तर सॅमसंगमध्ये ५० मेगापिक्सेलचा आहे. शिवाय सॅमसंगमध्ये तिप्पट जवळ आणणारी आणखी एक भिंग-व्यवस्था आहे. उंबराच्या शेंड्यावरचा पक्षी पाचपटीत लहानच दिसतो, म्हणून आपण दहापटीपर्यंत जाणार, आणि तिथे मधला भाग कापून घेण्यासाठी मुळात तपशील जास्त असलेला सेन्सर कामाला येतो. चोचीवरचे शिंग आणि डोळ्याभोवतीची कातडी सॅमसंगमध्ये जास्त सुटी दिसतील. त्यापुढे जाऊन तीसपट, शंभरपट असे जे आकडे दुकानदार दाखवतो, त्यात फोनने स्वतःच्या अंदाजाने भरलेला भाग मोठा असतो. पक्ष्याची पिसे म्हणून जे दिसते ते पिसांचे अनुमान असते. पक्षिनिरीक्षणाची नोंद ठेवणाऱ्या माणसाने अशा फोटोवर भरवसा ठेवू नये. हा छंद वाढवायचा असेल तर एक दिवस दुर्बिणीकडे किंवा खऱ्या कॅमेऱ्याकडे वळावेच लागेल.

व्हिडिओत मात्र मुलाचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते मी स्पष्टपणे मान्य करते. शाळेच्या स्नेहसंमेलनात लेझीम खेळणारी मुले, पाठीमागून येणारा उजेड, हलगीचा आवाज, अशा गोंधळाच्या प्रसंगी आयफोन १६ प्रो अधिक स्थिर, अधिक एकसारखा व्हिडिओ देतो. धावणाऱ्या मुलाचा फोटोही त्यात कमी हुकतो. आपले ऐंशी टक्के काम स्नेहसंमेलने आणि खेळांचे व्हिडिओ एवढेच असते, तर मी कौल उलटा दिला असता. पण हे व्हिडिओ शेवटी पालकांच्या व्हॉट्सॲपवर जातात, आणि तिथे आकार लहान करताना हा फरक बराच पुसला जातो.

मे महिन्यात एका दुपारी मी हे दोन्ही फोन, एक वहिनींचा आणि एक शेजाऱ्यांचा, गच्चीवर नेऊन शेजारी शेजारी धरले. पापड वाळत घातले होते, ऊन डोक्यावर होते. आयफोनच्या काचेत मला माझा चेहरा, वाळत घातलेली साडी आणि पाण्याची टाकी दिसली आणि त्यांच्या मागे संदेश वाचावा लागला. सॅमसंगच्या काचेवर प्रतिबिंब अडवणारा थर आहे. तिथे आधी अक्षरे दिसली. पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना, आणि मैदानावर उभे राहून फोन वाचणाऱ्या शिक्षकाला, हा फरक रोज जाणवेल. आयफोनची स्क्रीन ६.३ इंच आणि सॅमसंगची ६.९ इंच, त्यामुळे सॅमसंगवर अक्षर मोठे करूनही एका ओळीत शब्द पुरेसे राहतात. याची किंमत हाताला मोजावी लागते: आयफोन १९९ ग्रॅम, सॅमसंग २१८ ग्रॅम आणि रुंदीला बराच जास्त. सदऱ्याच्या वरच्या खिशात तो बाहेर डोकावतो आणि वाकल्यावर पडतो. वाकून मुलांच्या वह्या तपासण्याची सवय असेल तर आजपासूनच फोन खिशाऐवजी पिशवीत ठेवा. सॅमसंगसोबत येणारी लेखणी आपल्या उपयोगाची आहे, परिपत्रकावर खुणा करणे किंवा एखाद्या मुलाला अक्षराचे वळण दाखवणे तिने सहज होते. फक्त पूर्वीच्या लेखणीसारखे दुरून बटण दाबून फोटो काढणे या मॉडेलमध्ये राहिलेले नाही.

सहा वर्षे एक फोन वापरणारा माणूस पुढचाही तितकाच वापरणार. सॅमसंगने या फोनला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले आहे. तो जानेवारी २०२५ मध्ये आला, म्हणजे २०३२ पर्यंत. माझ्या हिशेबाने आपली निवृत्तीही त्याच सुमारास येते. अॅपल असा आकडा पुढे करत नाही, पण २०१८ सालच्या आयफोन एक्सआरला २०२४ मध्येही नवी आवृत्ती मिळाली, हा इतिहास तितकाच विश्वासार्ह आहे. या मुद्द्यावर दोघे बरोबरीत आहेत. बॅटरी मात्र सात वर्षे कोणाचीच टिकणार नाही. निम्म्या वाटेवर ती बदलावी लागेल, आणि तिथेच माझी अट येते.

खरेदीपूर्वी दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळावर बेळगावची अधिकृत सर्व्हिस सेंटर शोधा आणि प्रत्येक ठिकाणी फोन करून तीन प्रश्न विचारा: या मॉडेलची स्क्रीन आपल्याकडे बदलली जाते की फोन हुबळी किंवा पुण्याला पाठवला जातो, त्याला किती दिवस लागतात, आणि बॅटरी व स्क्रीन यांचा आजचा खर्च किती. उत्तरे कागदावर लिहून घ्या. फोन शंभर किलोमीटरवर पाठवून पंधरा दिवस वाट पाहावी लागणार असेल आणि दुसऱ्या कंपनीचे काम बेळगावातच दोन दिवसांत होत असेल, तर मी वर लिहिलेले सगळे बाजूला ठेवून त्या दुसऱ्या कंपनीचा फोन घ्या. स्क्रीन फुटण्याच्या खर्चाचे संरक्षण दोन्ही कंपन्या वेगळे पैसे घेऊन देतात, आणि ते खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच घेता येते. एवढ्या किमतीच्या फोनला ते घ्यावे.

कुठून घ्यावा, हेही आपण विचारले नसले तरी सांगते, कारण सीमाभागात पेट्रोलपासून प्रत्येक वस्तू कोणत्या बाजूला स्वस्त पडते हे पाहण्याची आपल्याला सवय आहे. मोबाइलच्या बाबतीत त्यात अर्थ नाही. एप्रिल २०२० पासून मोबाइलवर सगळ्या राज्यांत सारखाच १८ टक्के जीएसटी आहे. बेळगाव, कोल्हापूर, पणजी, पुणे, कुठेही घेतला तरी कर तोच. दहा-पंधरा हजारांनी स्वस्त देणारा माणूस बहुधा बिल देत नाही किंवा परदेशातून आलेला फोन देतो. माझ्या भावाने असाच एक फोन घेतला होता. सात महिन्यांनी माइक बंद पडला तेव्हा विकणाऱ्याने हात वर केले, आणि बिल नसल्यामुळे आम्हाला दाद मागता आली नाही. मुलगा पुण्यात कार्डावरच्या सवलतीत घेणार असेल तर जरूर घेऊ द्या, पण बिल आपल्या नावाने असावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे पुण्यातल्या खरेदीची तक्रारही आपण बेळगावात करू शकाल. खोके उघडल्यावर *#०६# हा क्रमांक लावा. स्क्रीनवर येणारा पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा. पुढे फोन चोरीला गेला तर सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तो बंद करण्यासाठी हाच क्रमांक लागतो.

राहिला आपला जुना फोन. दुकानदार तो बदल्यात मागेल आणि दीड-दोन हजार रुपये कमी करण्याचे आमिष दाखवेल. देऊ नका. त्याला नवी बॅटरी बसवून घ्या, महिन्यातून एकदा चार्ज करा आणि सिमकार्डाचा कप्पा उघडण्याची पिन धाग्याने त्यालाच बांधून कपाटात ठेवा. नवा फोन ज्या दिवशी दुरुस्तीला जाईल, त्या दिवशी दोन्ही सिमकार्डे त्यात घातली की आपली शाळा, बँक आणि पुण्याचा मुलगा, कोणाचाच फोन चुकणार नाही.

आपली,
ताई